युद्धावरून येणाऱ्या पत्रांत नुसती खुशालीच का असायची?

तुम्ही विचारलंय की पणजोबांची दुसऱ्या महायुद्धातली पत्रं सापडली, सगळ्यांत तेच ते, मी खुशाल आहे, मनिऑर्डर पोचली का, पाऊसपाणी कसं आहे, मग त्यांना बायकोपोरांची काही पडलीच नव्हती का, आणि ते नक्की कुठे लढले हे पत्रांवरून कळेल का. पहिला प्रश्न वाचून डोकंच फिरलं (तुमच्यावर राग नाही), कारण आमच्या घरात हाच वाद माझ्या लहानपणापासून चालू आहे.

माझे आजोबा लष्करात, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये, इटलीत. त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, गिरणीत, बिऱ्हाड लालबागला चाळीत, आणि आजी तिथेच, पोटुशी. आता विचार करा, पत्र यायचं पणजोबांच्या नावाने. 'ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.' ते वाचून दाखवायचा शेजारचा कारकून, गॅलरीत उभा राहून, आजूबाजूची चार बिऱ्हाडं कान देऊन ऐकणार, आणि आजी दाराआड. आणि त्याच्याही आधी ते वाचणार लष्कराचा पत्रं तपासणारा सेन्सॉरवाला. एवढ्या लोकांसमोर कुठला मराठी माणूस १९४४ साली 'तिची आठवण येते' लिहील? बापासमोर बायकोचं नाव घेत नसत लोक, पत्रात कुठून घेणार.

माझे थोरले काका म्हणतात बाबा दगड होते, एका पत्रात आईची चौकशी नाही की माझी नाही. काकांचा जन्म जून १९४४ चा. आता जुलैचं पत्र बघा, माझ्याकडे फोटो आहे. सगळी नेहमीची खुशाली झाल्यावर मध्येच एक ओळ, 'रेशनच्या कार्डावर आता किती नावे आहेत ते कळवावे.' मुंबईत रेशनिंग १९४३ ला सुरू झालं, आजोबा त्याच वर्षाच्या शेवटी बंदरातून बोटीने गेले. ज्या माणसाला तिकडे लष्कराचं जेवण मिळतंय तो घरच्या कार्डावरची नावं कशाला मोजेल? मूल झालं का, जगलं का, आजी मुंबईत आहे की गावी पाठवली, हे सगळं त्या एका ओळीत विचारलंय. पुढच्या पत्रात, 'कार्डाचे वाचून फार समाधान वाटले.' रेशनकार्ड वाचून समाधान! काकांना हे दाखवलं तर म्हणाले, त्या काळी महागाई होती म्हणून विचारलं असेल. आता काय बोलणार.

दुसरं, त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या पत्राला मध्ये एक चौकोनी भोक आहे. काका म्हणतात उंदीर. उंदराने कुरतडलं तर कडा इतक्या सरळ येतात का? भोकानंतरचे शब्द आहेत, 'आपल्या खिडक्या शाबूत आहेत का.' १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन ही दारूगोळा भरलेली बोट स्फोटात उडाली, अख्खी मुंबई हादरली, आणि सरकारने ती बातमी दाबून ठेवली होती. आजोबांना तिकडे कुठून कळलं देव जाणे, पण त्यांनी विचारलं आणि कुणीतरी कात्रीने तेवढंच कापलं असा माझा अंदाज आहे.

लढाईबद्दल तर लिहायचंच नसायचं. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवरच्या ज्या लढाईसाठी नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाला, ती लढणारी हीच बटालियन. त्या महिन्यातलं आजोबांचं पत्र म्हणजे 'इकडे थंडी कमी झाली. पैशाची पोच मिळाली.' संपलं.

कुठे लढले म्हणाल तर गावाचं नाव शोधत बसू नका, मिळणार नाही. पत्त्यात सी.एम.एफ. (सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स) असेल तर इटलीकडची आघाडी, आणि फील्ड पोस्ट ऑफिसच्या (लष्कराच्या फिरत्या पोस्टाच्या) शिक्क्यावर फक्त नंबर असतो, तो आणि तारीख जुळवून युनिट कुठे होतं ते काढता येतं. म्हणून पाकिटं टाकू नका! नावाबरोबर १/५ किंवा ३/५ असं दिसलं तर आधीचा आकडा बटालियनचा. सर्व्हिस नंबर मिळाला की मराठा असतील तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, उत्तर पटकन येईल असं काही नाही. काही पत्रं मोडीत असली तर मोडी वाचणारे अजून आहेत, त्याचे वर्गही चालतात.

एक मात्र सांगतो, सगळेच आजोबांसारखे असतील असं नाही. तुमचे पणजोबा खरंच कोरडे असतील, तेही असू शकतं. आणि घरून गेलेली उत्तरं आमच्याकडे एकही नाही, फौजी माणूस कुठे कागद सांभाळत फिरणार, त्यामुळे मी सांगतोय ती अर्धीच बाजू आहे, बाकीचं आजीने सांगितलेलं.

पत्रांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नाही. मुंबईच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलीत तर बुरशी येईल आणि उघडी ठेवलीत तर कसर लागेल, तेव्हा अॅसिड-फ्री कागदात घालून कोरड्या कपाटात ठेवा, आणि त्याआधी दोन्ही बाजू स्कॅन करून घरातल्या सगळ्यांना पाठवा. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, थोरल्या मुलाचा हक्क वगैरे काही नसतो. आमच्याकडे मूळ पत्रं काकांच्या ताब्यात आहेत, त्यातलं जुलैचंच नेमकं त्यांनी कार्डबोर्डवर चिकटवून फ्रेम केलंय. चुलतबहीण इथे असते, वाचेल. ताई, फ्रेम करायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो कुणी काढला असेल तर पाठव.