वाय-फाय आणि मोबाइल डेटा दोन्ही चालू ठेवल्यास दोन्हींचा वेग एकत्र मिळतो का?

नाही, निदान आपण समजता तसा मिळत नाही. फोन इंटरनेटसाठी साधारणपणे एका वेळी एकच जोडणी निवडतो आणि घरात ती बहुधा वाय-फायची असते. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समधील ‘मोबाइल डेटा ऑलवेज ॲक्टिव्ह’ या पर्यायानेही वेगात भर पडत नाही. वाय-फाय सुटल्यावर मोबाइलवर जाणे लवकर होते, इतकेच.

एवढे सांगून थांबता आले असते, परंतु याच प्रश्नावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा जुना वाद आहे. रत्नागिरीजवळचे आमचे घर जांभ्या दगडाचे आहे. राउटर माजघरात टीव्हीशेजारी, आणि मोबाइलची रेंज मिळते ती फक्त पडवीत. पुतणीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती, तेव्हा दादाने तिला दोन्ही चालू ठेवायला सांगितले. “दोन नळ सोडले की बादली लवकर भरते, एवढं साधं आहे,” असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, “दादा, तिला पडवीत बसव आणि वाय-फाय बंद कर.” माझे ऐकतो कोण! ती माजघरात बसली. दहा मिनिटांनी शेजारचे कोणी तरी मोठ्याने बोलत आत आले, म्हणून ती फोन हातात घेऊन, बोलत बोलतच पडवीकडे निघाली. मध्ये हातभर जाडीची भिंत. वाय-फायच्या चिन्हाची शेवटची एक रेघ उरली होती आणि फोन तिला चिकटून बसला. समोरच्या गृहस्थांचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानिशी गोठला, आणि ही “सर, आवाज येतोय का?” एवढेच म्हणत राहिली. फोन मोबाइल डेटावर आला तोवर कॉल तुटला होता. त्यांनी पुन्हा वेळ दिली नाही.

वाय-फाय पूर्ण मेले असते तर फोनने ते लगेच सोडले असते. अर्धमेले वाय-फाय अधिक घातक. शिवाय वाय-फायवरून मोबाइलवर जाताना फोनचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची त्याची क्रमांकरूपी ओळख, बदलतो. टीसीपी ही इंटरनेटवर माहिती क्रमाने आणि खात्रीने पोचवणारी नेहमीची पद्धत; तिच्या नेहमीच्या जोडणीची ओळख दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट (माहिती कोणत्या ॲपची ते सांगणारे क्रमांक) यांवरूनच ठरत असल्याने पत्ता बदलला की ती जोडणी तुटते. व्हिडिओ कॉलची ॲप आपापल्या परीने धागा पुन्हा जोडतात, पण त्यात मोलाचे सेकंद जातात.

यावरचा खरा उपाय म्हणजे मल्टिपाथ टीसीपी, ज्यात एकच जोडणी दोन्ही वाटांनी चालते आणि एक वाट बंद पडली तरी दुसरीवरून काम सुरू राहते. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ पासून ते सिरी या आवाजी मदतनीसासाठी वापरले, ते बोलणे तुटू नये म्हणून. वेग दुप्पट व्हावा म्हणून नव्हे. हेच मी दादाला सांगत आलो आहे, की जोडणी टिकणे महत्त्वाचे, वेगाची बेरीज हा हौसेचा भाग.

अर्थात बेरीज अशक्य आहे असे मी म्हणत नाही. दक्षिण कोरियात केटी या कंपनीने २०१५ मध्ये एलटीई (४जी मोबाइल डेटा) आणि वाय-फाय यांचा वेग खरोखर जोडून दाखवला, मात्र त्यासाठी मध्ये स्वतःचा मध्यस्थ सर्व्हर बसवावा लागला, कारण पलीकडच्या सर्व्हरलाही मल्टिपाथ समजावे लागते. सॅमसंगच्या २०१४ च्या गॅलक्सी एस५ मध्ये मोठी फाइल दोन्ही वाटांनी तुकड्यातुकड्यांत उतरवण्याची सोय होती, पण ती डाउनलोडपुरती. आणि दोन वाटांपैकी एक फार संथ असेल तर भात वाढून झाला तरी वरणासाठी पंगत थांबते, तशी गत होते.

तेव्हा महत्त्वाच्या कॉलच्या वेळी दोहोंपैकी जी जोडणी त्या जागी भक्कम असेल तीच ठेवावी आणि जागा सोडू नये. आयफोन असेल तर वाय-फाय असिस्ट, म्हणजे वाय-फाय कमजोर झाले की आपोआप मोबाइल डेटाकडे वळण्याची सोय, चालू असू द्यावे. मात्र त्यात मोबाइल डेटा खर्च होतो, दिवसाला दीड जीबीचा पॅक असल्यास तो संपूही शकतो.

दादाने त्या मुलाखतीनंतर जास्त वेगाचा प्लॅन घेतला. राउटर अजून टीव्हीशेजारीच आहे.