टाकाऊ वस्तूंपासून खाण्याच्या पदार्थाचं शिल्प करायचंय, थर्माकोल नको. काय करता येईल?

वडापाव करा. मस्करी नाही, आमच्या सोसायटीच्या गणपतीत आम्ही दोन फुटी वडापाव केला होता. थर्माकोलच्या सजावटीवर आपल्याकडे २०१८ पासून बंदीच आहे, त्यामुळे डोकं चालवावं लागलं.

पदार्थ आधी ठरवून सामान शोधत बसू नका, घरातली अडगळ बघा आणि ती कशासारखी दिसतेय ते बघा. आमच्याकडे फाटलेल्या गादीचा फोम होता, जुना होऊन इतका पिवळट पडलेला की कापल्या कापल्या पावच वाटला. वरचा भाजका रंग यायला कडक चहाच्या पाण्यात फेव्हिकॉल घालून तीन-चार हात दिले, वाळल्यावर मस्त चकाकी आली. मिरची सायकलच्या ट्यूबची, आणि सुकी लाल चटणी म्हणजे विटेचा चुरा, लांबून कोणालाही लसणाचीच वाटेल.

वडा मात्र दोनदा करावा लागला. पेपरची रद्दी रात्रभर भिजवून, वाटून लगदा केला आणि त्याचा सरळ भरीव गोळाच वळला, वर कणकेची खळ. ऐन श्रावणात. बाहेरून कडक झाला पण चार दिवसांनी वास यायला लागला, फोडला तर आत काळी बुरशी, आणि एका बाजूने उंदराने कुरतडलेला (त्याला तरी तो खरा वाटला!). बुरशी धरू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात पण ते विषारी असतं, पोरं हात लावणार म्हणून नको म्हटलं. दुसऱ्यांदा लगदा फडक्यात घट्ट पिळला, भिजवून वाटलेल्या मेथ्या आणि फेव्हिकॉल घातलं, माझी आजी कागदाच्या टोपल्या मेथ्या घालूनच लिंपायची, आणि फुटक्या प्लॅस्टिकच्या बॉलवर बोटभर जाडीचा थर दिला. दोन दिवस पंख्याखाली, मग ऊन. वरून गुळगुळीत करू नका, बेसनाचा खडबडीतपणा त्यातूनच येतो.

नेटवर शिल्पकार सुबोध गुप्तांची २००६ची 'व्हेरी हंग्री गॉड' बघा, स्वयंपाकघरातल्या भांड्यांची अवाढव्य कवटी आहे. त्यात बादली बादलीच दिसते, रंगवून लपवलेली नाही. आम्हीपण म्हणूनच ट्यूबला हिरवा रंग दिला तरी तिचा व्हॉल्व्ह देठ म्हणून तसाच ठेवला.

वडापाव अजून मीटर रूममध्ये आहे, मिरची तेवढी कोणीतरी पळवली.