शेती नाही, तरी राजा: कालुसांची गोष्ट

वरकड धान्य नसेल तर राजा आणि दरबार उभाच राहू शकत नाही, असं नेहमी म्हटलं जातं. बहुतेक ठिकाणी ते खरं आहे. पण फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या कालुसा या मूळनिवासी लोकांपुढे हा नियम टिकत नाही. मक्याची शेती ते करत नव्हते, तरी दक्षिण फ्लोरिडातली कितीतरी गावं त्यांच्या राजाला नजराणे पोचवत.

त्यांचं शेत म्हणजे खाडी. उथळ, कोमट पाणी, कडेला खारफुटी, तळाशी समुद्री गवत, आणि नदीचं गोडं पाणी मिसळणारं. मासळी अमाप, पण धान्यासारखी ती कणगीत भरून ठेवता येत नाही. मग साठवण कशी?

याचं उत्तर एस्टेरो उपसागरातल्या माउंड की बेटावर मिळतं. हे बेटच मुळात माणसांनी टाकलेल्या शिंपल्यांचं. त्यावरची सर्वांत उंच टेकाडं साधारण 10 मीटरची. मधून खोदलेला कालवा जातो आणि त्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना शिंपल्यांचे बांध घालून केलेली मोठी तळी आहेत. ती चौदाव्या शतकातली. त्यांच्या बांधांना कालव्याच्या बाजूने वाट ठेवलेली आहे: मासे आत हाकायचे, वाट बंद करायची, लागतील तसे काढायचे. तळाच्या चिखलात बोईटाचे खवले सापडलेत. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण जिवंत मासा कोंडून ठेवणं म्हणजेच कोठार. एवढे बांध घालायला शेकडो हात लागतात, आणि ते हात कामाला लावणारा कुणीतरी लागतो.

1566 मध्ये स्पॅनिश सेनानी मेनेंदेस इथे आला. राजाच्या घरात 2000 माणसं दाटी न होता उभी राहतील, अशी नोंद त्या भेटीतून उरली. कालुसांचा राजा कार्लोस याने आपली बहीण मेनेंदेसला बायको म्हणून दिली. त्यामागे हिशेब होता: उत्तरेला टॅम्पा उपसागरातले तोकोबागा लोक हे कार्लोसचे जुने वैरी, त्यांच्यावर स्पॅनिश बंदुका चालवायच्या होत्या. मेनेंदेस त्याला तिकडे घेऊन गेला खरा, पण लढाईऐवजी तह करून परतला. कार्लोसच्या दृष्टीने हा विश्वासघातच.

1567 मध्ये स्पॅनिशांनी कार्लोसला मारलं आणि कालुसांमधल्याच फेलिपेला गादीवर बसवलं. 1569 मध्ये त्यालाही मारलं. तेव्हा कालुसा बेट सोडून निघून गेले. बेटावरच्या स्पॅनिश किल्ल्यातल्या शिबंदीचं पोट कालुसांच्या मासळीवरच चालत होतं. त्याच वर्षी तिलाही किल्ला सोडावा लागला.