किडनीच्या रुग्णाला निराधारचा पगार मिळतो का?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही केज तालुक्यातले. मालकांचं वय 41. दोघांनी मिळून सोळा वर्षं ऊस तोडला. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला डायलिसिसला न्यावं लागतं. साखर जुनीच आहे, डाव्या डोळ्यानं अंधुक दिसतं. अपंगाचं प्रमाणपत्र काढलं की पगार चालू होतो असं ऐकलं म्हणून तीन चकरा मारल्या, तर किडनी अपंगात बसत नाही म्हणतात. आता एक जण आठ हजारांत प्रमाणपत्र काढून देतो म्हणतोय. द्यावेत का?
– एक भगिनी, जि. बीड

उत्तर : ताई, आठ हजार देऊ नका. एक रुपयाही देऊ नका. तसलं प्रमाणपत्र पुढे तपासणीत उघडं पडलं, तर दिव्यांगांचा लाभ खोटेपणानं घेतला म्हणून 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दलाल तेव्हा सापडणार नाही, कागदावर नाव मालकांचं असेल.

तुम्हाला जे सांगितलं ते दुर्दैवानं खरं आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार दिलेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात आले, किडनी आली नाही. केंद्र सरकारला यादीत भर घालायचा अधिकार त्याच कायद्यानं दिलाय. आठवड्यातले दोन दिवस मशीनला बांधलेला माणूस या यादीत असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. पण आज तो नाही, आणि तुमची चूल आज पेटायचीय.

डोळ्यांचं मात्र तपासून घ्या. साखरेनं किडनीसारखाच डोळ्याचा पडदाही खराब होतो. लाभ मिळायला प्रमाणपत्रावर निदान 40 टक्के लागतात आणि मोजताना चांगल्या डोळ्याची नजर धरतात, म्हणून एकाच डोळ्याचा दोष असेल तर तेवढे भरत नाहीत. उजव्यालाही कमी दिसत असेल तर तो खरा, हक्काचा अर्ज होईल.

आता मुख्य गोष्ट. ज्याला आपण निराधारचा पगार म्हणतो ती संजय गांधी निराधार अनुदान योजना फक्त दिव्यांगांची नाही. तिच्या लाभार्थ्यांत क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग ‘यांसारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे’ स्त्री-पुरुषही आहेत. ‘यांसारख्या’ हा शब्द नीट धरून ठेवा. तुमचा अर्ज त्याच शब्दावर उभा राहणार आहे.

हे मी इतकं जोर देऊन का सांगते? तहसीलच्या संगायो, म्हणजे याच संजय गांधी योजनेच्या, शाखेत मी अकरा वर्षं टेबल सांभाळलं. किडनीच्या रुग्णाचा अर्ज आला की सुरुवातीच्या वर्षांत मीही शेरा मारायचे : ‘अपंग प्रमाणपत्र जोडावे.’ आधीच्या फाइलींवर तसंच लिहिलेलं असायचं. मग माझ्या थोरल्या भावाला डायलिसिस लागलं. त्याच्या डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर आणि धमनीचा जोड, केला होता. त्यावर बोटं ठेवली की कातडीखाली मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं. चार तास मशीनवर काढून तो बाहेर आला की एसटीची पायरी चढायला दांडा धरून थांबायचा. त्या महिन्यात मी योजनेचा शासन निर्णय ओळ न् ओळ वाचला. माझ्या शेऱ्यानं किती माणसं परत गेली असतील, ते आजही मनातून जात नाही.

तर आधी डॉक्टरांचा दाखला. तो जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा हवा, खासगी दवाखान्याच्या लेटरहेडवर भागत नाही. ‘किडनीचा आजार’ एवढंच लिहून आणू नका. डायलिसिस कधीपासून आणि आठवड्यातून किती वेळा, आजार कायमचा आहे, आणि या आजारामुळे रुग्ण स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नाही, हे सगळं त्यात यायला हवं. योजनेतले शब्द दाखल्यात दिसले की टेबलावरच्या माणसाला अर्ज परत करायला जागा राहत नाही. डॉक्टरांना विनंती करा, लाजू नका.

अडतं ते उत्पन्नावर. मर्यादा कुटुंबाला वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. मजुरी करून पोट भरणारं घर या आकड्यात कसं बसवायचं, हा प्रश्न मला प्रत्येक फाइलीला पडायचा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर तो पुरावा चालतो, नसेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तलाठ्यांना परिस्थिती नीट सांगा. कोयता म्हणजे जोडी, आणि तुमचा कोयता मोडलाय हे त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. पण काम कोणत्या हंगामापासून बंद आहे ते सांगा. मुकादमाची जुनी उचल फिटायची असेल तर तेही सांगा, उचल ही कमाई नव्हे, अंगावरचं कर्ज आहे. खोटं काही सांगू नका, तुमचं खरंच पुरेसं आहे.

सोबत रेशन कार्ड, आधार, वयाचा आणि 15 वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा, आणि आधार जोडलेलं बँक पासबुक. अर्ज सेतू केंद्रात किंवा तहसीलला द्या आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नका. निर्णय तालुक्याची समिती घेते. तोंडी ‘बसत नाही’ म्हणाले तर कारण लेखी मागा. मंजूर झालं की दुर्धर आजारात महिन्याला 1500 रुपये खात्यावर येतात. दिव्यांगांचे 2500 झालेत, दलाल त्याच आकड्यावर तुम्हाला भुलवतोय.

डायलिसिसला तुम्ही पैसे भरता का, ते पत्रात लिहिलं नाहीत. भरत असाल तर आजच थांबवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, योजनेतल्या रुग्णालयात, डायलिसिस मोफत आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, कुणी पैसे मागितले तर 155388 वर फोन करा. वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांचं संरक्षण आहे, किडनी बदलायची वेळ आली तर त्या शस्त्रक्रियेला साडेचार लाखांपर्यंत.

डायलिसिसच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसमध्ये प्रवास मोफत आहे. त्यासाठी लागणारा दाखला डायलिसिस होतं तिथूनच मागा. तुमचं अर्धं तिकीट तर आहेच. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातही चौकशी करा, बऱ्याच जिल्हा परिषदा सेस फंडातून किडनीच्या रुग्णाला एकदा मदत देतात.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. ऊसतोडीत अंग दुखलं की दुकानातून आणून खायच्या त्या गोळ्या आता घरात ठेवू नका. मालकांना तर नाहीच, तुम्हीही रोज घेत असाल तर बंद करा आणि एकदा रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं. दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्यानं धडधाकट किडनीही बिघडते.

तहसीलला मालकांना न्यायचं असेल तर डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्या. फिस्टुलाच्या हातात कागदांची पिशवी देऊ नका, ती तुम्हीच धरा.