आलेख छान आहे, पण सहा वर्षांचा आहे

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख मिळाला. ग्रीनलंडची याकोब्सहाव्न हिमनदी, 2012 ते 2018, आणि खाली तुझा निष्कर्ष: वेग मंदावला, माघार थांबली. आकडे चुकलेले नाहीत, पण निष्कर्ष काढायची घाई झाली आहे.

2012 च्या उन्हाळ्यात ही नदी वर्षाला 17 किलोमीटर या दराने समुद्राकडे धावत होती. तुझी सुरुवातच शिखरावरून होते, त्यामुळे पुढे उतार दिसणारच. जरा मागे जा. 1992 मध्ये हाच वेग 6 किलोमीटरच्या आत होता, 2003 पर्यंत तो दुपटीच्याही वर गेला. आणि 2016 नंतरची मंदी कशामुळे? डिस्को उपसागरातून तिच्या पायथ्याशी येणारं पाणी त्या काळात थंड झालं होतं. नदीचा स्वभाव बदलला नव्हता.

समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या समजून घ्यायच्या तर अलास्कातली कोलंबिया आधी वाच. 1794 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हरच्या मोहिमेने तिची नोंद केली, त्यानंतर जवळजवळ 1980 पर्यंत तिचं तोंड, म्हणजे समुद्राला भिडणारं टोक, तिथल्या तिथे होतं. कारण तिने स्वतःच वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा आणि गाळाचा पाण्याखाली बांध घातला होता, आणि ती त्यावर टेकून उभी होती. बांधाच्या मागे मात्र तळ खोल. ऑस्टिन पोस्ट या अमेरिकी सर्वेक्षकाने 1970 च्या दशकात खोली मोजून बजावलं की ही एकदा बांधावरून सरकली, तर झपाट्याने मागे जाईल. तसंच झालं. खोल पाण्यात बर्फाला पाणी उचलून धरतं, तळाशी घर्षण कमी होतं, नदी वेगाने वाहते, ताणली जाऊन पातळ होते, आणि पातळ बर्फ आणखी सहज तुटतो. एकदा हे सुरू झालं की हवा जरा गार झाली म्हणून थांबत नाही, तळ पुन्हा उथळ होईपर्यंत चालतं. कोलंबिया 20 किलोमीटरहून अधिक मागे गेली. 1989 मध्ये एक्सॉन व्हाल्डीझ हे तेलवाहू जहाज नेहमीची वाट सोडून खडकावर चढलं, तेही तिचेच हिमनग टाळायला गेलं म्हणून. (पोस्टच्या सर्वेक्षणामागे याच जलमार्गाची काळजी होती, ही गोष्ट मला दर वेळी चटका लावते.)

आता त्याच किनाऱ्यावरची हबर्ड हिमनदी बघ. 1895 पासून ती पुढेच सरकते आहे. 1986 आणि 2002 मध्ये तिने रसेल फ्योर्डचं (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत शिरलेली अरुंद, खोल खाडी) तोंडच बंद करून टाकलं होतं. व्हॉट्सअॅपवर कोणी तिचा फोटो टाकून ‘कुठे आहे तुमची तापमानवाढ?’ असं विचारेल. भांडत बसू नकोस. अशा नद्यांचं चक्र असतं: शतकानुशतकं सावकाश पुढे, काही दशकांत भराभर मागे. हवा आणि समुद्र तापले की बर्फ पातळ होऊन बांधावरची पकड सुटते, पुढचं बरंचसं तळ ठरवतो. म्हणून एका नदीवरून हवामानाचा निवाडा देऊ नये, ना या बाजूने ना त्या. निवाडा द्यायचा तर शेकडो नद्या एकत्र बघाव्या लागतात, आणि ग्रीनलंडमध्ये बहुतेक मागेच चालल्या आहेत.

सरावासाठी लांब जायची गरज नाही. तू ऐरोलीत राहतेस. ठाणे खाडीची लँडसॅट उपग्रहाची दोन चित्रं उतरवून घे, फुकट मिळतात. चिखलाची रुंदी वेगवेगळी दिसेल. खाडी तेवढ्यात बदललेली नसते. उपग्रह सकाळी ठरलेल्या वेळीच जातो, भरतीची वेळ रोज 50 मिनिटांच्या आसपास सरकते. भरतीचं कोष्टक शेजारी न ठेवता काढलेली किनाऱ्याची रेघ फसवीच. हिमनदीलाही तसाच ऋतू असतो: हिवाळ्यात तोंड पुढे येतं, उन्हाळ्यात तुटून मागे जातं. मार्चचं चित्र सप्टेंबरच्या शेजारी ठेवलंस तर माघार तुझी तूच तयार करशील. नेहमी तोच महिना घे.

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर जायचं म्हणतेस, जरूर जा. तिथे न्यू ओलसुंडला 2008 पासून आपलं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, आणि कोंग्सफ्योर्डच्या टोकाला क्रोनेब्रीन हिमनदी समुद्रात उतरते. 2014 मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी त्याच फ्योर्डात ‘इंडआर्क’ हे पाण्याचं तापमान वगैरे मोजणारं उपकरण पाण्याखाली सोडलं. अर्जात बर्फाच्या वेगाबरोबर पाण्याचं तापमानही बघणार असल्याचं लिही. फोटोजेनिक बर्फकड्यांचं वर्णन सगळेच लिहितात.

त्याआधी कोलंबियाचा आलेख करून पाठव. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर तोंडाची जागा, आणि शेजारी त्याच जागांची समुद्राची खोली. तोवर याकोब्सहाव्नच्या फाइलला हात लावू नकोस.

तुझे,
सर