अल्टरनेटर बदलायच्या आधी मीटर लावा

प्रश्न: महिन्यातून तीन-चारदा वाळपईहून चोर्ला घाटातून बेळगावला जाणं होतं. पावसात घाटात धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, म्हणून ५५ वॅटचे दोन हॅलोजन फॉग लॅम्प बसवून घेतले. आता हेडलाइट, एसी आणि फॉग एकदम लावले की लायटर सॉकेटमधला व्होल्टमीटर १२.९ दाखवतो आणि फॉगचा उजेड पिवळट पडतो. गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) गेला, नवा घाला. घालू का?
एक वाचक, वाळपई

उत्तर: इतक्यात नको, मोठा खर्च आहे तो आणि कदाचित फुकट जाईल. लायटर सॉकेटवरचा आकडा बॅटरीचा नसतो, डॅशबोर्डच्या वायरिंगमधून फिरून शेवटाला जे उरतं ते तिथं दिसतं. साधा मल्टीमीटर घ्या आणि थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धीच. मग गाडी चालू करा, थोडी रेस देऊन १३.८ ते १४.५ यायला हवं. आता एसी, हेडलाइट, फॉग सगळं लावा, आयडलवर, म्हणजे रेस न देता, थोडं पडेल, ते चालतं, कारण आयडलला अल्टरनेटर आपल्या पूर्ण ताकदीपेक्षा बराच कमी करंट देतो. रेस दिली की परत साडेतेराच्या वर गेलं तर अल्टरनेटर ठणठणीत आहे. नाहीच चढलं तर आधी बेल्ट ढिला आहे का बघा, मग अल्टरनेटरमधला रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) आणि डायोड (एसीचा डीसी करणारे भाग). आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी उकळायच्या आधी दाखवा.

मला तुमच्या केसमध्ये संशय वायरीचा आहे. दोन लॅम्प मिळून ११० वॅट, म्हणजे साधारण ९ अँपिअर. किटमधली वायर बऱ्याचदा पाऊण स्क्वेअर एमएमची असते, ४ मीटर लांबीत तीच जवळजवळ ०.९ व्होल्ट खाते, अडीचची टाकली तर जेमतेम पाव व्होल्ट जातो. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तरी उजेड जवळपास तीस टक्के पडतो, पिवळेपणा त्यातूनच येतो.

अर्थिंग, म्हणजे लॅम्पची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली जागा, तर हमखास बघा. माझ्याच गाडीत फॉगची अर्थ बंपरच्या आत रंगावरच स्क्रूने पिळलेली होती. दोन पावसाळ्यांनी लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) उघडला तर हिरवा थर, आणि वायर सोलली तर आत वीतभर तांबं काळं पडलेलं, ब्लेडने खरवडलं तरी चमकेना. लॅम्प लावून मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी लॅम्पच्या अर्थवर धरली तर ०.६ व्होल्ट तिथंच अडकलेले. वायर कापून नवा लग दाबून बसवला (क्रिंप केला), पत्रा घासून पांढरा केला, वर ग्रीस लावलं, उजेड परत आला. आपल्या गोव्याच्या दमट हवेत हे दर पावसाळ्याआधी करायलाच हवं.

नवीन वायरिंग करताना रिले घ्या, म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर लॅम्पचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. तिच्या पिनांवर नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीचा प्लस, ८७ वरून लॅम्पकडे, ८६ ला डॅशबोर्डवरच्या स्विचचा प्लस, ८५ ला अर्थ. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभरातच हवा. फ्यूज लॅम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो, त्याच्या आधीचा तुकडा कुठे घासून पत्र्याला लागला तर आग लागायला वेळ लागत नाही. केबिनमध्ये वायर नेताना पत्र्याच्या भोकात बसणारं रबरी ग्रोमेट विसरू नका.

प्रश्न: डॅशकॅम पार्किंग मोडवर असतो. गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही.
एक वाचक, म्हापसा

उत्तर: कॅमेरा पार्किंगमध्ये ०.३ अँपिअर जरी घेत असला तरी चार दिवसांत २९ अँपिअर-आवर खातो, ३५ अँपिअर-आवरच्या बॅटरीत मग काय उरणार? चावी काढली की बंद होणाऱ्या फ्यूजवरून सप्लाय घ्या, नाहीतर बॅटरी १२.२ व्होल्टला आली की सप्लाय तोडणारं कट-ऑफ किट बसवा. गाडीच्या बॅटरीच्या मायनसवर बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा छोटा सेन्सर असेल तर कुठल्याही ॲक्सेसरीची अर्थ थेट त्या टर्मिनलवर देऊ नका, बॉडीवर द्या, नाहीतर त्या सेन्सरचा हिशोबच चुकतो.