रंगाचा चिखल होतोय? आधी कागद तपासा

गुहागरहून लिहिणाऱ्या ताईंनी विचारलंय की जलरंगात शेत, माड आणि कौलारू घर रंगवायला घेतलं की आकाशाच्या पहिल्याच वॉशवर (पातळ रंगाच्या पसरट हातावर) बारीक गडद ठिपके उमटतात, रंग कागदात शिरतो आणि वरून दुसरा हात दिला की चिखल. 'माझ्या हातातच कला नाही का?'

ताई, हेच मी सलग दोन पावसाळे स्वतःला विचारत होते, म्हणून लिहायला बसले. ब्रश कुठला, पॅलेट कशी लावायची ते तुम्हाला येत असेलच.

तुमचा कागद मेलेला आहे असं मला वाटतं. चित्र समोर नाही, त्यामुळे खात्रीने सांगत नाही, पण लक्षणं तीच आहेत. जलरंगाच्या कागदाला सरसासारखं सायझिंग दिलेलं असतं, त्यामुळे रंग काही वेळ वरच राहतो. दमट हवेत आणि बुरशीने ते सायझिंग मरतं. कोरडा कागद पाहून काहीच कळत नाही, पाणी लागलं की टीपकागद. मी तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागदाचा गठ्ठाच स्वस्तात उचलला. तो माळ्यावर किती पावसाळे पडून होता कोण जाणे. तक्रार घेऊन गेले तर दुकानदाराने ऐकवलं, "हात बसला नाही अजून." आणि मी ते खरं मानलं! पैशांचं सोडा, त्या एका वाक्यापायी वर्षभर ब्रशला हात लावला नाही, याचा राग अजून आहे.

तेव्हा कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. टपोरा राहिला तर कागद ठीक. लगेच पसरून आत गेला, खाली काळपट डाग दिसला, तर त्यावर जलरंग करू नका. टाकूनही देऊ नका, पेस्टलला चालतो. नवीन कागद घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पापड ठेवतो तसा. जूनच्या आधीच.

कागद चांगला असूनही फुलकोबीसारखे डाग आले तर तो घाईचा दोष. आपल्याकडे पावसात वॉश वाळता वाळत नाही. कागद तिरका धरून बघा. चकाकी गेली, पण बोटाला गार लागतंय, अशा वेळी जास्त ओला ब्रश टेकवलात की आधीचा रंग ढकलला जातो आणि काठ उमटतो. एकतर चकाकी असतानाच दुसरा रंग सोडा, नाहीतर पूर्ण वाळू द्या.

हिरव्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावला तर भाताचं शेत प्लास्टिकचं दिसतं. त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घाला. तोच सिएना जांभ्याच्या गडग्यालाही, सावलीत थोडा अल्ट्रामरीन निळा. लावणीच्या शेतातलं चमकतं पाणी मात्र रंगवू नका, कोरा कागदच सोडा.

आणि गडद रंगाला घाबरू नका. सावंतवाडीत जन्मलेल्या चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तो उजेड जलरंगातला आहे, आणि भोवती अंधार आहे म्हणून तो दिसतो. तुमच्या कौलांखालची पडवी एकदाच, एका हातात, गडद करून बघा. पुन्हा पुन्हा घोटू नका.

थेंबाचं काय झालं ते मात्र कळवा. कागद कुठल्या महिन्यात घेतला होता, तेही लिहा.